उत्तराचा रकाना रिकामाच आहे, वही बंद करू का?

पत्र (थोडं कापून देतेय):

"मावशी, जय ख्रिस्त. मी 31 वर्षांची आहे. आमच्या बायकांच्या प्रार्थना ग्रुपमध्ये वर्षाच्या सुरुवातीला ताईंनी सगळ्यांना प्रार्थनेची वही ठेवायला सांगितली. पानावर तीन रकाने पाडायचे, विनंती, तारीख आणि उत्तर. बाकीच्यांचे रकाने भरतायत, कुणाला नोकरी लागली, कुणाचा रिपोर्ट नॉर्मल आला, त्या उभ्या राहून साक्ष देतात. माझी एकच मोठी विनंती आहे, भावाची दारू सुटावी. तो रकाना रिकामाच आहे आणि वही उघडली की डोळ्यांत तोच भरतो. आता तर विनंत्यासुद्धा धड राहिल्या नाहीत, मार्चमध्ये 'त्याला चांगली अद्दल घडव' असं लिहिलं होतं आणि परवाच्या पानावर नुसतं 'प्रभू, तो आज जेवला असेल ना' एवढं लिहून झोपून गेले. दुसरं म्हणजे लिहायला बसलं की प्रार्थना होतच नाही, शाळेतला निबंध होतो. आणि कुणी वाचलं तर ही भीती वेगळीच, कारण भावाबद्दल काय काय लिहून बसलेय मी. ताई म्हणतात पुढच्या महिन्यात वह्या घेऊन या, एकमेकींना वाचून दाखवू. वही ठेवणं बंदच करू का?"

जय ख्रिस्त गं.

आधी सरळ उत्तर देऊन टाकते, वही राहू दे, रकाने काढून टाक. आजच काढ, उद्याच्या पानावर रेघा मारूच नकोस. तू सवयीने मारशील बघ, तरी नको.

रकान्यांची पद्धत वाईट आहे असं मी म्हणत नाहीये हां. उपकार विसरू नयेत म्हणून ती निघाली आणि काहींना ती छान जमते. पण ज्या बाईच्या मनात एकच गोष्ट आहे आणि ती गोष्ट वर्षानुवर्षं चालणारी आहे, तिच्यासाठी ती वही बँकेच्या पासबुकासारखी होते, उघडायचं ते फक्त जमा झालं का बघायला. मग वही हातात घेतली की आधी पोटात गोळा येतो आणि प्रार्थना राहते बाजूला. तुझं तेच झालंय.

आणि रकाना रिकामा राहणं म्हणजे तुझ्या विश्वासात खोट आहे असं जे तुला आतून वाटतंय ना (तू तसं लिहिलं नाहीयेस पण ओळीओळीत दिसतंय), त्यासाठी तुला जॉर्ज म्युलरचं सांगते. ब्रिस्टलला अनाथ मुलांसाठी मोठमोठी घरं चालवणारा माणूस, कुणाकडे पैसे मागायचे नाहीत, फक्त देवाकडे मागायचं असं ठरवून चाललेला, आणि काय मागितलं काय मिळालं याच्या बारीक नोंदी ठेवणारा. आज प्रार्थनेच्या वहीचा विषय निघाला की त्याचंच उदाहरण देतात. पण त्याच माणसाने स्वतः सांगून ठेवलेली दुसरी गोष्ट फारशी कुणी साक्षीत सांगत नाही. नोव्हेंबर 1844 मध्ये त्याने पाच माणसांच्या तारणासाठी रोज प्रार्थना सुरू केली, आजारी असो प्रवासात असो, रोज. पहिला माणूस प्रभूकडे यायला दीड वर्ष लागलं, पुढच्या दोघांना त्याहून कितीतरी जास्त वर्षं, आणि जवळजवळ 36 वर्षांनी तो सांगतोय की उरलेले दोघं अजून आहेत तिथेच आहेत आणि मी अजून मागतोच आहे. ज्याला हजारो उत्तरं मिळाली त्याच्या वहीत 36 वर्षं रिकामी राहिलेली जागा होती, आणि ती त्याने लपवली नाही. तुझे किती महिने झाले? वर्षसुद्धा नाही गं.

आता मुख्य गोष्ट. तू जे रडगाणं म्हणून लिहिलंयस, की विनंत्या धड राहिल्या नाहीत, ते मी दोनदा वाचलं. मार्चमध्ये "अद्दल घडव" आणि आता "तो जेवला असेल ना". बघ जरा नीट. हे तुझ्या तीन रकान्यांत कुठे बसतं? विनंतीत बसत नाही, उत्तरातही नाही, तारीख तेवढी टाकता येईल. पण ह्या काही महिन्यांत खरंखुरं काही घडलं असेल तर ते हेच आहे, तू भावाकडे बघतेस ती नजर बदललीय. हे देवाने केलं की काळाने की तुझ्या थकव्याने, ते मी इथे बसून ठरवणार नाही. आणि भाऊ अजून पितोच आहे, त्यामुळे याला "उत्तर मिळालं" म्हणून साक्ष द्यायला उभी राहा असंही सांगणार नाही, तशी ओढूनताणून दिलेली साक्ष तुला स्वतःलाच टोचेल. पण रकाने असल्यामुळे तुला ते दिसलंच नाही, उलट बिघाड वाटला, एवढं मात्र खरं.

बायबलमधल्या ज्या प्रार्थना कुणीतरी लिहून ठेवल्यात, त्या एकदा या नजरेने बघ. स्तोत्रं 150 आहेत आणि त्यातली कितीतरी तक्रारीने सुरू होतात. 13वं स्तोत्र उघड, पहिल्याच ओळीत दावीद विचारतोय परमेश्वरा, किती वेळ मला विसरणार. ते निदान शेवटी गाण्यावर येतं. 88वं तर येतच नाही, ते काळोखातच संपतं, आशेची शेवटची ओळ कुणी मागाहून चिकटवलेली नाही आणि तरी ते उपासनेच्या पुस्तकात राहिलं. संदेष्टा हबक्कूक देवाकडे तक्रार करतो, त्याला उत्तर मिळतं, आणि ते उत्तर ऐकून तो आणखीच गोंधळतो, पुन्हा तक्रार करतो. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकात 20व्या अध्यायात 13व्या वचनात देवाची स्तुती गा म्हणतो आणि लगेच 14व्यात मी जन्मलो त्या दिवसाला शाप असो म्हणतो. एका श्वासात! तुझ्या ताईंनी यिर्मयाला रकाने पाडून दिले असते तर बिचाऱ्याने काय भरलं असतं कोण जाणे.

निबंधाचं आता. लिहिणं ही प्रार्थना आहे का असं तू थेट विचारलं नाहीस पण प्रश्न तोच आहे. मला विचारशील तर लिहिणं आपोआप प्रार्थना होत नाही. रोजनिशी वेगळी, ध्यानाच्या नोट्स वेगळ्या, प्रार्थना वेगळी, आणि या तिन्ही एकाच पानावर येऊ शकतात, त्यात वाईट काही नाही, पण प्रार्थना तेव्हाच होते जेव्हा समोर कुणीतरी आहे आणि त्याच्याशी बोलणं चाललंय. संत ऑगस्टीन या बिशपने साधारण 400 सालाच्या सुमारास स्वतःच्या आयुष्याची जी कहाणी लिहिली ती सगळीच्या सगळी देवाला उद्देशून आहे, आईचा मृत्यू, पोरपणी केलेली पेअरची चोरी, सगळं "तू" म्हणत, आपण वाचक म्हणजे बाजूला बसून ऐकणारे. तर एक साधी युक्ती, पहिला शब्द "प्रभू" किंवा "बापा", तुझ्या तोंडात जो असेल तो, आणि पुढे जिथे जिथे "देव असं करतो, देवाने असं करायला हवं" असं यायला लागेल तिथे थांबून ते वाक्य "तू" वर आण. निबंध "तो" मध्ये लिहिला जातो. "तू" मध्ये निबंध फार वेळ टिकत नाही, दोन ओळींत खरं काहीतरी बाहेर पडतं, मग ते रागाचं का असेना.

आणि छान लिहिण्याचा मोह झाला तर मुद्दाम वाईट लिही. अर्धी वाक्यं, खाडाखोड, शुद्धलेखन गेलं उडत. फ्लॅनरी ओ'कॉनर नावाची अमेरिकन लेखिका, तिने विशी-एकविशीत, लेखन शिकत असताना, 1946-47 मध्ये एका साध्या वहीत देवाला लिहिलेल्या प्रार्थना तिच्या मृत्यूनंतर खूप वर्षांनी 2013 मध्ये छापल्या गेल्या. तिला तर लिहायचंच करिअर करायचं होतं, म्हणजे निबंधाचा मोह तुझ्या शंभर पट, आणि त्यात ती देवाकडे चांगली लेखिका कर हेही मागते, लाजत नाही. शेवटच्या नोंदीत काय आहे माहितीये? आज आपण ओटमीलच्या बिस्किटांवर कसे तुटून पडलो आणि डोक्यात नको ते विचार कसे आले, आता माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही उरलं नाही, संपलं. मला तो शेवट फार आवडतो, कारण तो एवढा काहीच्या काही आहे.

बाकी "तो आज जेवला असेल ना" ही ओळ निबंधातली नाहीये, हे तुलाही माहितीये.

आता बसायचं कसं ते सांगते, पण हा नियम समजू नकोस, आपलं तुला जमेल तसं. आधी थोडंसं वाच, अध्यायच्या अध्याय नको, पाच-सात वचनं पुरे. त्यातलं एक हाताने वहीत उतरव. बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात इस्राएलच्या राजाला आज्ञा आहे की त्याने नियमशास्त्राची प्रत स्वतःसाठी लिहून घ्यावी आणि ती जन्मभर वाचावी, राजवाड्यात लेखनिक कमी होते म्हणून नव्हे अर्थातच. हात चालतो तेव्हा डोळा पळू शकत नाही, आणि लक्ष भरकटतं ही जी सगळ्यांची तक्रार असते ती तिथे निम्मी कमी होते. मग ते वचन आज मनाला कुठे लागलं ते देवाला सांग, दोन ओळीत सांग किंवा दोन पानं. आणि मग, हे लोक विसरतात, पेन खाली ठेव. थोडा वेळ काहीच लिहू नकोस. 12व्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसियन साधूने वाचन, मनन, प्रार्थना आणि शेवटी नुसतं देवापुढे असणं अशा चार पायऱ्या सांगितल्या होत्या, वही पहिल्या तीनला मदत करते पण चौथीत ती मध्येच येते. सगळा वेळ लिहिण्यातच गेला तर आपणच बोलत राहिलो ना.

यात एक सावधगिरी सांगते, कुणाला पटेल कुणाला नाही. काहीजण स्वतःचं लिहून झालं की खाली देवाचं उत्तर म्हणूनही लिहितात, "माझ्या लेकरा, मी तुला सांगतो की..." असं. मी हे करायला सांगणार नाही, निदान तुला तरी नाही, कारण भावाची एवढी काळजी लागलेली असताना आपल्याला जे ऐकायचंय तेच देवाच्या तोंडी घालायला वेळ लागत नाही, आणि मग सहा महिन्यांनी तसं झालं नाही की कोसळायला होतं. मनात काही ठामपणे आलं तर लिही की "असं मनात आलं", तारीख टाक, शास्त्राशी ताडून बघ, एखाद्या जाणत्या माणसाला विचार.

रात्री एखादा दिवस अगदीच दमलेली असशील तर वचन वगैरे सोड, जेझुइट संघ स्थापणाऱ्या लोयोलाच्या इग्नेशियसची दिवसाची उजळणी कर. त्याच्या 1548 मध्ये छापलेल्या साधनेच्या पुस्तकात ती आहे आणि त्यात पहिली पायरी उपकार मानण्याची आहे, चुका शोधण्याची नाही. आज कशाबद्दल आभार, आज कुठे घसरले, उद्या काय मदत हवी, तीन ओळी, झोप. त्याचाच आणखी एक नियम वहीवाल्यांनी पहिल्या पानावर लिहून ठेवावा असा आहे, मन कोरडं आणि अंधारलेलं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलू नये. म्हणजे वही बंद करायची का हे रिकाम्या रकान्याकडे बघत रात्री ठरवायचंच नाही.

मात्र एका गोष्टीवर लक्ष ठेव. आपल्याच मनात खोल खोल खणत जाण्याची सवय सगळ्यांनाच मानवते असं नाही. डेव्हिड ब्रेनर्ड नावाच्या तरुण मिशनऱ्याची डायरी जोनाथन एडवर्ड्स या अमेरिकन पाळकाने 1749 मध्ये छापली, ती वाचून कितीतरी लोक मिशन कामाला निघाले, पण एडवर्ड्सने स्वतःच वाचकांना सांगितलं होतं की हा माणूस उदास वृत्तीचा होता आणि तेवढं त्याच्याकडून घेऊ नका. तर तुझ्या वहीत पान पान "माझंच चुकलं, माझ्याच विश्वासात कमी, मी आधी बोलले असते तर" एवढंच यायला लागलं, झोप उडाली, जेवण जाईना, तर वही मिटून माणसाकडे जा, पाळकांकडे आणि डॉक्टरकडेही. आणि भावाच्या बाबतीत वहीबाहेरही काम आहे. दारू हा आजार आहे, त्यावर उपचार आहेत, आणि पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचे ग्रुप असतात, तिथे त्याला बदलायला नाही, तुला सावरायला जायचं असतं. जाऊन तर बघ. प्रार्थना करतेय म्हणून तिथे जायचं नाही असं कुठेही लिहिलेलं नाही.

कुणी वाचेल ही भीती. ती खुळी नाहीये, जुन्या लोकांनाही होती. पास्कल या फ्रेंच गणितज्ञाने 23 नोव्हेंबर 1654 च्या रात्री, साडेदहा ते साडेबाराच्या दरम्यान, त्याला देवाचा जो अनुभव आला तो लिहून कोटाच्या अस्तरात शिवून टाकला, जिवंतपणी कुणाला पत्ता नाही, 1662 मध्ये तो वारल्यावर नोकराच्या हाताला लागलं. मेथडिस्ट चळवळीचा जॉन वेस्ली खासगी डायरी सांकेतिक लिपीत लिहायचा, छापायचं जर्नल वेगळं. येशूने तर सांगितलंच आहे, खोलीत जा, दार लावून घे, तिथे तुझा बाप आहे. तेव्हा वही कुलपात ठेवायला लाज कसली. फोनवर लिहीत असशील तर लॉक असलेलं अ‍ॅप घे. नावांऐवजी एक अक्षर टाक, देवाला कळतं कोण ते. घरातल्यांना सांग की अशी वही आहे आणि ती माझी आणि देवाची आहे, लपवाछपवीने लोकांना उलट जास्त वाचावंसं वाटतं. आणि एखादं पान लिहून झाल्यावर फाडून टाकलंस तरी चालतं, ती प्रार्थना ऐकून झालेली आहे, त्याला कागद लागत नाही. जे कधीच कुणाच्या हाती पडू नये असं वाटतं ते स्वतःच्या हातानेच फाड, मदर तेरेसांनी आपली पत्रं नष्ट करा म्हणून सांगितलं होतं तरी ती 2007 मध्ये पुस्तकात आलीच.

मागची पानं वाचावीत का? वाचावीत, पण रोज नाही. दोन-तीन महिन्यांनी एकदा, शक्यतो दिवसा, वेळ काढून. 77व्या स्तोत्रात स्तोत्रकार आसाफ हेच करतो, रात्रभर झोप नाही, देव विसरला का असं विचारत बसलाय, आणि मग ठरवतो की जुन्या गोष्टी आठवतो. वाचताना उत्तरं शोधू नकोस, तू कशी कशी बोलत गेलीस तेवढं बघ.

आता ताई आणि पुढचा महिना. त्यांना मी वाईट म्हणत नाही, आणि त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे. चौथ्या शतकात बिशप अथनासियसने लिहिलेल्या, वाळवंटात राहणाऱ्या साधू अंतोनीच्या चरित्रात अंतोनी आपल्या साधूंना सांगतो की आपली कृत्यं आणि मनातल्या हालचाली लिहून काढा, जणू त्या एकमेकांना सांगायच्याच आहेत, म्हणजे लाजेने तरी पाप टळेल. बायबलमधल्या आपल्या पत्रात याकोबही म्हणतो एकमेकांजवळ पापं कबूल करा. पण अंतोनीच्या त्या "जणू" कडे लक्ष दे, आणि याकोब आपली पापं म्हणतो, भावाची नाहीत. तुझ्या वहीतलं निम्मं अधिक भावाचं आहे, ते ग्रुपमध्ये वाचायचा हक्क तुलाही नाही मग ताईंना कुठून असणार. आणि वाचून दाखवायचं ठरलं की त्या दिवसापासून प्रत्येक जण ग्रुपसाठी लिहायला लागते, मग निबंधच निबंध.

तेव्हा मीटिंगच्या आधी, सगळ्यांसमोर नाही, ताईंना एकटीला फोन कर आणि सांग की ताई, मी वही आणणार नाही, त्यात दुसऱ्याच्या गोष्टी आहेत, पण त्या महिन्यात हाताने उतरवलेलं एक वचन आणि ते का उतरवलं एवढं मी सांगेन. बहुतेक त्या हो म्हणतील, बऱ्याचदा असं कुणी बोललं की बाकीच्या बायकाही सुटकेचा श्वास टाकतात. आग्रहच धरला तर त्या दिवशी वही घरी "विसरून" जाऊ नकोस हां, सरळ नाही म्हण. एखादी विश्वासातली मैत्रीण असेल तर तिला एखादं पान दाखव, ते वेगळं, ते तू निवडलेलं आहे.

भावाचं नाव तू पत्रात लिहिलं नाहीस ते बरं केलंस, मीही त्याच्यासाठी एक अक्षर वापरून मागेन.

— मावशी